२१ दिवस गोळी, ७ दिवस बंद

मुंबईतल्या बायकांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा. हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनच्या जोरावर वाढणारा), हर-२ निगेटिव्ह (हर-२ हे प्रथिन पेशींवर जास्त नसलेला) प्रकारचा आजार शरीरात इतरत्र पसरलेला असेल, तर परळच्या कर्करोग ओपीडीत लेट्रोझोल या हार्मोनविरोधी औषधाच्या जोडीला अनेकदा पाल्बोसायक्लिब ही पेशींचं विभाजन रोखणारी गोळी लिहून दिली जाते. रोज एक गोळी २१ दिवस, मग ७ दिवस बंद. ‘एवढा मोठा आजार, आणि आठवडाभर औषध बंद?’ हा घरच्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे.

विभाजनाआधी पेशीला सगळा डीएनए दुप्पट करावा लागतो. त्यासाठीची जनुकं चालू करणाऱ्या ई-टू-एफ प्रथिनाला आरबी हे दुसरं प्रथिन कुलपासारखं जखडून ठेवतं. सायक्लिन डी हे प्रथिन येऊन जोडलं की सीडीके-४ आणि सीडीके-६ ही कायनेज एन्झाइम कामाला लागतात. एटीपी या पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूमधला फॉस्फेट काढून ती आरबीवर चढवतात. असे बरेच फॉस्फेट चढले की आरबीची पकड सुटते, आणि मग पेशी सहसा मागे फिरत नाही. या कर्करोगात इस्ट्रोजेन सायक्लिन डी वाढवत राहतं. लेट्रोझोल इस्ट्रोजेन कमी करतं. पाल्बोसायक्लिब कायनेजमधली एटीपीची जागाच अडवते.

याच कुळातल्या सीडीके-१ ची गोष्ट सांगायलाच हवी. तिचं जनुक बिघडल्याने विभाजन अडलेल्या यीस्टमध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेने माणसाची जनुकं सोडली. त्यातल्या एकामुळे यीस्ट पुन्हा विभागू लागलं! १९८७ चा हा प्रयोग मला आजही थक्क करतो. नर्स यांना २००१ चं नोबेल विभागून मिळालं.

आता त्या सात दिवसांकडे. रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेलाही सीडीके-६ लागतं, म्हणून काउंट, म्हणजे रक्तपेशींची संख्या, पडतात, विशेषतः न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे. नेहमीची केमो मज्जेतल्या पेशी मारते. ही गोळी त्यांना बहुतांशी नुसतं थोपवून धरते. गोळी थांबली की त्या पुन्हा विभागू लागतात. पुढचं चक्र सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) करतात ती यासाठीच. न्यूट्रोफिल १००० च्या खाली असतील तर डॉक्टर थांबायला सांगतात. त्याने खचून जाऊ नये. ताप आला तर मात्र लगेच रुग्णालय गाठावं.

गाठीतलं आरबीच नाहीसं झालं असेल, तर कायनेज अडवून काही साधत नाही. औषधाला दाद न देण्याचं ते एक कारण. खर्चाची अडचण मात्र कमी झाली आहे: २०२३ मध्ये इथलं पेटंट संपलं, देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत बरीच उतरली. पूर्वी परवडत नाही म्हणून नको म्हटलं असेल, तर डॉक्टरांना पुन्हा विचारा.