वूफर जळण्याआधी: अ‍ॅम्पचा गेन ऑसिलोस्कोपवर का लावून घ्यायचा?

जळालेला वूफर (गाडीतला बेसचा स्पीकर) खोलला की आधी वास येतो, कॉइलवरचं वार्निश करपल्याचा. मग दिसते काळी पडलेली, विस्कटलेली कॉइल. गाडीमालक विचारतात, "वूफर ५०० वॅटचा, अ‍ॅम्प ५०० वॅटचा, मग जळला कसा?" नाशिकमधल्या आमच्या काउंटरवर हा प्रश्न वारंवार येतो, म्हणून हे पत्रक.

बहुतेक वेळा चूक अ‍ॅम्पवरच्या (म्हणजे सिग्नलची ताकद वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवरच्या) गेनच्या स्क्रूची असते. गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण नव्हे. डेकमधून (डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टीममधून) येणारा सिग्नल अ‍ॅम्पशी जुळवून घेण्यासाठी तो असतो. अ‍ॅम्प ठरावीक व्होल्टेजपलीकडे जाऊ शकत नाही. त्यापुढे गेन फिरवला की सिग्नलच्या लाटेचा गोल माथा कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात. लाट पार चौकोनी झाली, तर तेवढ्याच उंचीच्या स्वच्छ लाटेपेक्षा दुप्पट ताकद कॉइलमध्ये जाते. आवाज त्या मानाने फारसा वाढत नाही, कॉइल मात्र तापत राहते.

हे कानाला कळायला हवं ना? बेसमध्ये सुरुवातीचं क्लिपिंग अनुभवी कानालाही चकवतं, आणि कसारा घाटात काचा उघड्या असतील तर विचारायलाच नको. मल्टिमीटर फक्त आकडा देतो, लाटेचा आकार दाखवत नाही. तो आकार ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, दिसतो.

आमची पद्धत अशी. इंजिन चालू ठेवतो, कारण इंजिन बंद असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्टवर असते आणि चालू असताना सहसा १४ च्या आसपास, आणि गाडी चालवताना असतो त्याच व्होल्टेजवर तपासायला हवं. बेस बूस्ट, लाउडनेस, इक्वलायझर सगळं शून्यावर. वूफरची वायर काढून ठेवतो, म्हणजे कानठळ्या बसत नाहीत आणि वूफरही सुरक्षित राहतो. मग ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावून आधी डेक तपासतो. समजा, डेकचा व्हॉल्यूम २८ पर्यंत असताना लाट गोल आहे आणि २९ वर माथा चपटा झाला, तर २८ ही तुमच्या डेकची हद्द. डेक तिथेच ठेवून अ‍ॅम्पचा गेन हळूहळू वाढवतो, माथा चपटा होऊ लागला की थोडा मागे घेतो.

शेवटी मल्टिमीटरने पडताळणी. ५०० वॅटसाठी ४ ओहमच्या (ओहम म्हणजे वूफरचा विद्युत रोध) वूफरला सुमारे ४४.७ व्होल्ट, २ ओहमच्या वूफरला ३१.६. वूफर अ‍ॅम्पपेक्षा कमी वॅटचा असेल, तर लाट स्वच्छ असली तरी आम्ही वूफरच्या वॅटनुसार येणाऱ्या व्होल्टच्या आकड्यावरच थांबतो. इथे ग्राहकाने आग्रह केला तरी ऐकत नाही.

घरी स्वतः तपासणार असाल तर एक गोष्ट सांभाळा. ब्रिज केलेल्या (दोन चॅनेल एकत्र जोडलेल्या) अ‍ॅम्पच्या निगेटिव्ह टर्मिनलला स्कोपची ग्राउंड क्लिप लावू नका, अ‍ॅम्प शॉर्ट होऊ शकतो. आम्ही त्यासाठी बॅटरीवर चालणारा, चार्जिंगची वायर काढलेला स्कोप वापरतो.

येताना नेहमी ऐकता ती गाणी पेनड्राइव्हमध्ये आणा. नाशिक ढोलाचं रेकॉर्डिंग असेल तर उत्तमच. गेन नीट लागला की ढोलाचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, आणि तो फरक तुम्ही गाडीत बसून स्वतः ऐकावा अशी आमची इच्छा असते.

काम झालं की डेकच्या हद्दीचा आकडा स्टिकरवर लिहून देतो. डेक, अ‍ॅम्प किंवा वूफर यांपैकी काहीही बदललं, तर जुना आकडा धरून चालू नका. गाडी पुन्हा दाखवा.