चांदीचे काळवंडणे

चांदीच्या पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर बसून ती पिवळसर, तपकिरी आणि शेवटी काळी दिसू लागण्याची प्रक्रिया. हा लोखंडासारखा गंज नव्हे. साध्या तापमानाला हवेतल्या ऑक्सिजनशी चांदीची एकट्याने क्रिया होत नाही, त्यासाठी गंधक लागते. हवेत अत्यल्प असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू ते पुरवतो. गटारे, अंडी, कांदा-लसूण, लोकर आणि रबर यांतूनही गंधकाची संयुगे चांदीपर्यंत पोचतात. चांदीच्या ४ अणूंशी हायड्रोजन सल्फाइडचे २ आणि ऑक्सिजनचा १ रेणू संयोग पावून सिल्व्हर सल्फाइड व पाणी तयार होते. दमट हवेत ही क्रिया वेगाने होते, म्हणून पावसाळ्यात पैंजण लवकर काळे पडतात. थर अगदी पातळ असताना दिसणाऱ्या पिवळ्या-जांभळ्या छटा प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे, म्हणजे थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळल्यामुळे येतात.

काळी पडली म्हणजे चांदी खोटी, हा समज चुकीचा आहे. शुद्ध चांदीही काळी पडते. ९२५ चांदीत ७.५ टक्के इतर धातू, बहुधा तांबे, असते. तांब्याचीही गंधकाशी क्रिया होत असल्याने ती सहसा अधिक लवकर काळवंडते.

सिल्व्हर सल्फाइडमध्ये वजनाने सुमारे ८७ टक्के चांदीच असते. टूथपेस्ट, रांगोळी किंवा राखेने घासले की काळेपणाबरोबर तीही निघून जाते आणि नक्षी झिजते. चिंच-लिंबाने तांब्याची भांडी उजळतात, कारण तांब्याचे ऑक्साइड आम्लात विरघळते. सिल्व्हर सल्फाइड अशा सौम्य आम्लाला दाद देत नाही.

थरातली चांदी दागिन्यावरच परत आणणारी पद्धत विद्युतरासायनिक आहे. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात तळाशी अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरून त्यावर दागिना ठेवावा. १ लिटर कढत पाण्यात २ मोठे चमचे खाण्याचा सोडा व १ चमचा मीठ विरघळवून ते ओतावे. सोडा अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर काढतो, मग अ‍ॅल्युमिनियमचे इलेक्ट्रॉन सल्फाइडमधल्या चांदीला मिळतात. दागिना फॉइलला टेकलेला नसेल तर हे घडत नाही. बहुतेक वेळा फसते ते इथेच. सडक्या अंड्यासारखा मंद वास आला तर गंधक सुटत आहे असे समजावे, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. ५ मिनिटांनी दागिना धुऊन, पूर्ण कोरडा करून मऊ कापडाने पुसावा. परतलेली चांदी आधी निस्तेज दिसते, पुसल्यावर चमकते.

मोती, चिकटवलेले खडे आणि ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिने यांना ही पद्धत वापरू नये. ऑक्सिडाइज्ड दागिन्यांवरचा काळेपणा नाव काहीही असले तरी बहुधा मुद्दाम दिलेला सल्फाइडच असतो, तोही निघून जातो. साठवताना दागिना कोरडा करून हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा, रबरबँड मात्र लावू नये.