एक सोर्स, अनेक मशीन: कंडिशनल असेंब्लीची पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्टने ६५०२ प्रोसेसरसाठीच्या ‘बेसिक’ या प्रोग्रामिंग भाषेचा जुना सोर्स (माणसांनी लिहिलेला मूळ कोड) सप्टेंबर २०२५ मध्ये खुला केला. जवळपास सात हजार ओळींची एकच फाइल. तिच्यात ‘रिअलआयओ’ नावाचं एक चिन्ह आहे. त्याची किंमत १ ठेवली तर किम, २ ठेवली तर ओएसआय, ३ म्हणजे कमोडोर, ४ म्हणजे ॲपल. ० ठेवली तर पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर ६५०२ ची नक्कल. आकडा बदलून पुन्हा असेंबल केलं, म्हणजे असेंब्लर या प्रोग्रामकडून सोर्सचा मशीन कोड करून घेतला, की दुसऱ्याच कंपनीच्या मशीनचं बेसिक तयार.

आत ठिकठिकाणी ‘आयएफई रिअलआयओ-३’ अशा ओळी आहेत. आयएफई म्हणजे पुढच्या गणिताचं उत्तर शून्य आलं तरच कोनी कंसातला कोड घ्यायचा. तुलनेचं काम वजाबाकीनेच भागवलेलं! कमोडोरसाठी असेंबल करताना ३ वजा ३ शून्य, म्हणून तो तुकडा आत. ॲपलसाठी करताना तो मशीन कोडपर्यंत पोचतच नाही. यालाच कंडिशनल असेंब्ली म्हणतात. हीच चाचणी प्रोग्राम चालू असताना करायची तर प्रत्येक मशीनच्या मेमरीत चाचणीचा आणि न लागणाऱ्या फांद्यांचाही कोड कोंबावा लागला असता. बाइट मोजून वापरायच्या त्या काळात हे परवडणारं नव्हतं.

ही सोय मात्र मायक्रोकॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची. १९४९ साली डेव्हिड व्हीलर यांनी केंब्रिजच्या एडसॅक या संगणकासाठी लिहिलेल्या ‘इनिशियल ऑर्डर्स’मध्ये अक्षरांत लिहिलेल्या आज्ञेची बायनरी आज्ञा होई, एवढंच. पुढे मॅक्रो (एका नावामागे बांधून ठेवलेल्या ओळी) आले आणि एका ओळीतून अनेक ओळी निघू लागल्या. पण अट नसलेला मॅक्रो म्हणजे रबरी शिक्का: कितीही वेळा मारा, ठसा तोच. १९५९ मध्ये बेल लॅब्जमधल्या डग्लस मॅकिलरॉय आणि डग्लस ईस्टवुड यांनी तिथल्या असेंब्लरला सशर्त आणि स्वतःलाच बोलावणारे मॅक्रो जोडले. या दोन गोष्टी जोडीने आल्या यात नवल नाही. स्वतःला बोलावणाऱ्या मॅक्रोला कुठेतरी थांबायचं असतं, आणि थांबायला अट लागते.

मग आयबीएमने हे प्रकरण पार टोकाला नेलं. ७ एप्रिल १९६४ ला जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० च्या असेंब्लरमध्ये एआयएफ, एजीओ, सेटए, सेटबी, सेटसी अशा आज्ञांची, माझ्या मते, एक वेगळी भाषाच होती. इथे अटीचा ‘ब्लॉक’ नाही. एआयएफ म्हणजे अट खरी असेल तर टिंबाने सुरू होणाऱ्या खुणेवर उडी. उड्या मागेही मारता येतात, म्हणजे असेंबल होतानाच लूप फिरतो. तो अडकला तर? त्यासाठी एसीटीआर हा उड्या मोजणारा होता, आणि वेगळी सांगितली नाही तर त्याची मर्यादा ४०९६ उड्यांची. ऑपरेटिंग सिस्टिमची सिसजेनही, म्हणजे ती ग्राहकाच्या मशीनसाठी घडवण्याची प्रक्रियाही, याच जोरावर चाले. ग्राहकाकडची उपकरणं मॅक्रोंमध्ये लिहून द्यायची आणि असेंब्लरमधून पुढच्या टप्प्याचे जॉब बाहेर पडत. मशीन कोड बनवणाऱ्या अवजाराचा असा वापर मला तरी आजही गमतीचा वाटतो.

डेक या संगणक कंपनीच्या मॅक्रो-११ असेंब्लरमध्ये ‘.इफ’ ते ‘.एंडसी’ असा साधा ब्लॉक आला आणि पुढच्या बहुतेक असेंब्लरांनी तोच कित्ता गिरवला. दोन पासच्या, म्हणजे सोर्स दोनदा वाचणाऱ्या, असेंब्लरमध्ये एक खोच मात्र राहिलीच: अट पुढे येणाऱ्या लेबलवर (पत्त्याला दिलेल्या नावावर) टेकली असेल तर पहिल्या पासला ते माहीत नसतं. दुसऱ्या पासने वेगळी वाट धरली की पुढचे सगळे पत्ते सरकतात आणि फेज एरर, म्हणजे दोन पासांचे पत्ते न जुळल्याची चूक, येते.

सी भाषेचा प्रीप्रोसेसर (कंपायलरच्या आधी मजकुरावर काम करणारा प्रोग्राम) सुरुवातीला फाइल जोडणं आणि साधी नावं बदलणं एवढंच करी. माइक लेस्क आणि मग जॉन रायझर यांनी त्यात आर्ग्युमेंटचे मॅक्रो आणि सशर्त कंपायलेशन घातलं. आता उलटी गंगा वाहते. जीसीसी या कंपायलरला कॅपिटल ‘एस’ने नाव संपणारी असेंब्ली फाइल दिली की ती आधी सीच्या प्रीप्रोसेसरमधून जाते, त्यामुळे अटी बहुधा ‘इफडेफ’ने लिहिल्या जातात. तरी बूट सेक्टरचा (डिस्कच्या सुरुवातीच्या, मशीन सुरू करणाऱ्या ५१२ बाइटांचा) कोड शेवटच्या दोन बाइटांच्या सहीआधी, म्हणजे ५१० बाइटांत, मावला का हे प्रीप्रोसेसरला विचारून उपयोग नाही. त्याला मजकूर दिसतो, पत्ते दिसत नाहीत. तिथे असेंब्लरचं स्वतःचं ‘.इफ’च लागतं.