झीज की खोट?

वॉरंटी संपलेल्या गाडीचा गिअरबॉक्स क्लचसाठी दुसऱ्यांदा उतरवायची वेळ आली की काउंटरवर ठरलेलं उत्तर मिळतं: "साहेब, वेअर अँड टेअर आहे. ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर चालवता ना!" कधी कधी ते खरंही असतं. पंचाईत अशी की झीज आणि खोट दोन्ही सुरुवातीला सारख्याच दिसतात. गाडी थरथरते, रेस वाढते पण वेग वाढत नाही, चढावर करपट वास येतो. बिलही तेवढंच होतं.

फरक कळतो तो उतरवलेल्या पार्टवर. म्हणून गिअरबॉक्स खाली येईल तेव्हा तिथे हजर राहा. साध्या, म्हणजे मॅन्युअल गाडीची क्लच प्लेट नुसती झिजली असेल तर तिचं अस्तर घासून रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत आलेलं दिसतं, पण ते कोरडं असतं. उलट, अस्तर अजून जाड आहे आणि बोट फिरवलं तर काळं, चिकट तेल लागतंय, तर प्लेटचा काही दोष नाही. तेल कुठल्या तरी सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीतून, गळतंय. सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही भिजणार. सील किरकोळ किमतीचं असतं, उतरवण्या-चढवण्याची मजुरी मात्र दर वेळी पूर्ण. आता, सीलही वयानं कडक होतं. दीड लाख किलोमीटरला ते गळलं तर ती झीजच म्हणायची. पण बदलल्यानंतर दहा हजार किलोमीटरमध्ये पुन्हा गळलं, तर चालकाच्या पायाला दोष देता येत नाही.

फोर्डच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सचं असंच झालं. आपल्याकडे इकोस्पोर्टच्या ऑटोमॅटिकमध्ये तो आला होता. त्यात दोन कोरडे (तेलात न बुडणारे) क्लच होते, आणि इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये नेणाऱ्या दांड्याच्या) सीलमधून गळणारं तेल त्यांच्यावर जाऊन गाडी थरथरायची. अमेरिकेत 2014 मध्ये कंपनीनं या क्लचची वॉरंटी 7 वर्षं किंवा 1 लाख मैलांपर्यंत वाढवली. ऑस्ट्रेलियात मात्र ग्राहकांना "तुमची चालवण्याची पद्धत" हेच कारण सांगितलं जात होतं. तिथल्या फेडरल कोर्टानं 2018 मध्ये कंपनीला 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

आपल्याकडचे बरेच जण वॉरंटी संपली म्हणजे तोंड बंद असं धरून चालतात. गाडीची वॉरंटी संपली तरी पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही स्वतंत्र सेवा असते. ती निकृष्ट निघाली तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत 2 वर्षांची. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी.

आयोगासमोर उत्पादनातला दोष सिद्ध करायचा तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि तज्ज्ञाला तपासायला काहीतरी हवं. जुनी प्लेट भंगारात गेली की पुरावाही गेला. ती पिशवीत घालून घरी आणा. डिकीत तेलाचा डाग पडेल, पडू द्या. आणि गॅरेजच्या जॉब कार्डावर (गाडीची तक्रार नोंदवतात त्या कागदावर) नुसतं "क्लच प्रॉब्लेम" लिहून घेऊ नका. "पहिल्या गिअरमध्ये चढावर थरथर, मागच्या दुरुस्तीनंतर 8,000 किमी" असं लिहायला लावा, आणि सही त्याखालीच करा.