टाइपरायटर फॉन्ट

टाइपरायटर फॉन्ट म्हणजे ज्यात प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी असते आणि टोकांना जाड चौकोनी पट्ट्या म्हणजे स्लॅब सेरिफ असतात असा फॉन्ट. कुरियर हा त्यातला सगळ्यात ओळखीचा, हॉवर्ड केटलर यांनी 1950च्या दशकात आयबीएमच्या टाइपरायटरसाठी काढलेला.

हा लूक सजावटीतून नाही तर मशीनमधून आलाय. कुठलीही की दाबा, कॅरेज (कागद धरणारा सरकता भाग) एकच घर सरकतो, मग अक्षर आय असो की डब्ल्यू. स्मॉल आय जरा झूम करून बघा, नुसती दांडी ठेवली तर दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहील म्हणून खाली लांब पट्टी आणि वर डावीकडे छोटी पट्टी देऊन ते घर भरलंय, आणि एमचे तीन पाय मात्र तेवढ्याच घरात दाटीवाटीने उभे केलेत. मला यातली ही तडजोड फार सुंदर वाटते.

12 पॉइंट कुरियरची एका इंचात बरोबर 10 अक्षरं बसतात. हॉलिवूडमध्ये पटकथा अजूनही यातच लिहितात, कारण पानावर मजकूर नेहमी साधारण तेवढाच मावतो आणि एक पान म्हणजे पडद्यावर अंदाजे एक मिनिट असा हिशोब धरता येतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानेही 2004पर्यंत कुरियर न्यू (विंडोजमध्ये येणारी कुरियरची आवृत्ती) वापरला, मग टाइम्स न्यू रोमन हा फॉन्ट घेतला. कोडिंगमध्ये, आकड्यांच्या तक्त्यांत, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एकाखाली एक कॉलम सरळ लागतात हा मोठा फायदा, पण शून्य आणि कॅपिटल ओ, किंवा एक आणि स्मॉल एल यांच्यात गोंधळ होतो (बऱ्याच जुन्या टाइपरायटरवर एकची कीच नव्हती, एलच वापरायचे), म्हणून कोडसाठी शून्यात टिंब किंवा तिरकी रेघ असलेले दुसरे फॉन्ट बरे.

हा कुरियर न्यू प्रिंटवर फारच बारीक दिसतो. टाइपरायटरवर रिबनची शाई कागदावर थोडी पसरून अक्षर भरदार व्हायचं, ती भर यात आलीच नाही. 2013मध्ये पटकथेसाठीच बनवलेला कुरियर प्राइम त्यामानाने ठसठशीत आहे, तोच वापरावा.

लांबलचक पुस्तकाला टाइपरायटर फॉन्ट लावू नये, जागा खूप खातो आणि डोळे थकतात. पोस्टरवर नुसता जुना फील हवा असेल तर 1974चा ‘अमेरिकन टाइपरायटर’ नावाचा फॉन्ट चालेल, पण त्यात अक्षरांची रुंदी वेगवेगळी आहे, त्यामुळे कॉलम जुळवायला तो कामाचा नाही.