झडप हातानं फिरवायची की स्प्रिंगनं?

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. इतक्या दाट वस्तीत ते योग्यच आहे. पण ‘लाकूड म्हटलं की धूर आलाच’ हे मात्र अर्धसत्य. धूर म्हणजे जळायचं राहून गेलेलं लाकूड. महाबळेश्वर-पाचगणीच्या घरासाठी काचेच्या दाराचा लोखंडी स्टोव्ह घेणाऱ्या मुंबईकरानं हे आधी समजून घ्यावं, कारण स्टोव्हमध्ये जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप हाताची घ्यायची की स्प्रिंगवर चालणारी ऑटोमॅटिक, याचं उत्तर त्यातच आहे.

लाकूड सरळ पेटत नाही. आधी त्यातलं पाणी उडतं. मग 200-250 अंशांपासून ज्वलनशील वायू सुटू लागतात; कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग असा वायू होऊन निघतो. ज्वाळा दिसते ती या वायूंची. उरतो तो निखारा. वायू पुरते जळायला सुमारे 600 अंश तापमान आणि भरपूर ऑक्सिजन, दोन्ही एकाच वेळी लागतात. 1 किलो वाळल्या लाकडाला हिशेबानं साधारण 5 घनमीटर हवा लागते, प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. शिवाय ही मागणी सारखी नसते: ओंडका टाकल्यावर वायूंचा लोंढा येतो तेव्हा ती सर्वांत जास्त, निखाऱ्यांवर अगदी थोडी. म्हणून चांगल्या स्टोव्हला हवेच्या दोन वाटा असतात. खालची हवा जाळ धरायला आणि निखाऱ्यांना, तर वरच्या भोकांतून येणारी तापलेली हवा वायू जाळायला.

आता साधी ऑटोमॅटिक झडप पाहू. तिच्यात इस्त्रीच्या थर्मोस्टॅटसारखीच द्विधातूची पट्टी असते, फक्त स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. दोन धातू कमी-जास्त प्रसरण पावतात, गुंडाळी पिळली जाते आणि साखळीला अडकवलेलं झडपेचं पान बंद होतं. अडचण अशी की ही गुंडाळी उष्णता ओळखते, धूर ओळखत नाही. ओंडके पेटले, पत्रा तापला की ती हवा तोडते, नेमकी वायू सर्वांत वेगानं सुटत असताना! ज्वाळा विझते, वायू तसेच धुराड्यात जातात, थंड भागात डांबरासारखे थिजतात आणि पुढे तेच पेट घेतात. म्हणून स्प्रिंगची झडप घ्यायची तर वरची हवा तिच्या ताब्याबाहेर हवी आणि पान पूर्ण मिटू नये म्हणून अडसर हवा. सेन्सर आणि मोटारीचं नियंत्रण यापेक्षा हुशार असतं, पण वीज गेल्यावर झडप कुठे थांबते ते विकत घेण्याआधी विचारा.

शनिवार-रविवारपुरतं घर असेल तर मी हाताचीच झडप सुचवेन. पेटवताना दोन्ही वाटा पूर्ण उघड्या ठेवा. 15-20 मिनिटांनी ओंडक्यांच्या कडा काळ्या झाल्या की खालची हळूहळू कमी करा, वरची राहू द्या. नवा ओंडका टाकला की पुन्हा 5-10 मिनिटं पूर्ण उघडा. रात्रभर धुमसत ठेवू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. धुराड्याच्या एकपदरी पाइपला बाहेरून लावलेला तापमापक साधारण 120 ते 240 अंश दाखवायला हवा.

‘शून्य धूर’ लिहिलेल्या स्टोव्हलाही ओलं लाकूड चालत नाही; ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा, आणि सह्याद्रीच्या पावसाळ्यानंतर तो मोजूनच घ्यावा. होमाचा धूर हवा शुद्ध करतो, हा समजही सोडून द्यावा. समिधा असो की बाभूळ, धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसात सारखेच उतरतात.

झडप कोणतीही असो, दाराच्या कडेची, फट बुजवणारी दोरी तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर दोरी बदला, नाहीतर झडप मिटूनही फटीतून हवा येतच राहील.