भिंतीपेक्षा काचच फार: हार्डविक हॉलची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात, एका उंच टेकडीवर हार्डविक हॉल हा जुना वाडा उभा आहे. 'हार्डविक हॉल, भिंतीपेक्षा काचच फार' अशा अर्थाची यमकाची ओळ तिकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सोळाव्या शतकात काच भलतीच महाग होती. खिडकीच्या आकारावरून मालकाची ऐपत दुरूनच कळायची. इथे मालक नव्हे, मालकीण होती. तिची हकिगत कळल्याशिवाय या खिडक्यांचा अर्थ लागत नाही.

तिचं नाव एलिझाबेथ. इतिहासात ती 'बेस ऑफ हार्डविक' म्हणून ओळखली जाते. याच टेकडीवर, बेताच्या जमीनदार घरात ती जन्मली. तिची चार लग्नं झाली. तिची मुलं दुसऱ्या नवऱ्यापासूनची, सर विल्यम कॅव्हेंडिशपासूनची. चौथा नवरा श्रूझबरीचा अर्ल, देशातल्या बड्या उमरावांपैकी एक. स्कॉटलंडच्या पदच्युत राणी मेरीला नजरकैदेत ठेवण्याची जबाबदारी १५६९ पासून पंधरा वर्षं या अर्लवर होती. या काळातच नवराबायकोचं फाटलं आणि बेस माहेरी हार्डविकला परतली. भावाचं दिवाळं निघाल्यावर, १५८३ मध्ये, ती मालमत्ता तिनेच विकत घेतली होती.

तेव्हाच्या कायद्याने विवाहित बाईची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात जायची. विधवा मात्र आपल्या पैशाची धनीण असे. नोव्हेंबर १५९० मध्ये अर्ल वारला. त्याच सुमारास, शेजारच्या जुन्या घराचं काम संपलेलं नसतानाच, तिने नव्या वाड्याला हात घातला. दगड त्याच टेकडीतला, शिसं आणि काचही स्वतःच्याच मालमत्तेतून. बांधकामाच्या हिशेबवह्या आजही आहेत आणि त्यांवर तिची सही आहे. ऑक्टोबर १५९७ मध्ये ती राहायला आली तेव्हा ती सत्तरीच्या घरात होती.

आराखडा वास्तुकार रॉबर्ट स्मिथसनचा मानला जातो. माझ्या मते या वाड्याची खरी करामत धुराड्यांत आहे. चुली आणि धुराडी शक्यतो आतल्या जाड भिंतींत घेतल्यामुळे बाहेरच्या भिंती खिडक्यांना मोकळ्या राहिल्या. काही खिडक्या तर नुसत्या देखाव्याच्या आहेत. बाहेरून काच, मागे भिंत. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून केलेली ही सोय.

मजले चढत जावं तशा खिडक्या उंच होत जातात. तळाशी नोकरचाकर, मधे घरची माणसं आणि सर्वांत वर राजेशाही दालनं. तिथवर नेणारा दगडी जिना हळूहळू वर चढतो. वरच्या मोठ्या दिवाणखान्यात गिलाव्यात उठवलेलं रंगीत जंगल आहे. त्यात शिकारदेवता डायना, हरणं, झाडं. हा सगळा थाट इंग्लंडच्या राणी एलिझाबेथसाठी होता, पण राणी कधी आली नाही. सहा मनोऱ्यांच्या कठड्यांवर मात्र बेसची आद्याक्षरं, 'ई' आणि 'एस' (एलिझाबेथ श्रूझबरी), आकाशात कोरल्यासारखी उभी आहेत.

इथे 'मेरी राणीची खोली'ही दाखवतात. मेरीचा शिरच्छेद १५८७ मध्ये झाला, वाडा त्यानंतरचा. तिने इथे पाऊल ठेवणं शक्यच नव्हतं.

बेसची काटकसर पाहायची असेल तर लांबलचक गॅलरीतल्या, बायबलमधल्या गिदियनच्या कथेच्या तेरा टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायचे विणलेले चित्रपट, पाहाव्यात. १५९२ मध्ये तिने त्या राणीचा बडा दरबारी सर क्रिस्टोफर हॅटन याच्या वारसाकडून घेतल्या. त्यांवर हॅटन घराण्याची चिन्हं विणलेली होती. ती बदलायला खर्च येईल म्हणून तिने किमतीत पाच पौंड कमी करून घेतले. मग हॅटनच्या चिन्हांवर आपली चिन्हं रंगवलेले कापडाचे तुकडे शिवले. हॅटनच्या मानचिन्हातल्या हरिणीला शिंगं रंगवली की झाला कॅव्हेंडिशांचा काळवीट!

१६०८ मध्ये बेस गेली. वारसांनी, म्हणजे पुढच्या डेव्हनशायरच्या ड्यूकांनी, चॅट्सवर्थ या दुसऱ्या वाड्याला मुख्य घर केलं. हार्डविक मागे पडलं, आणि म्हणूनच वाचलं. चॅट्सवर्थ नव्या फॅशनप्रमाणे पार बदललं. इथे फारसं कुणी काही बदललं नाही. १६०१ मध्ये बेसने करून घेतलेल्या यादीतल्या कितीतरी वस्तू अजून घरातच आहेत.

१९५० मध्ये दहावे ड्यूक अचानक वारले आणि वारसाकर आला तो तब्बल ८० टक्के. त्यापोटी वाडा सरकारकडे गेला आणि १९५९ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे. इथे राहिलेली शेवटची ड्यूक घराण्यातली बाई म्हणजे नवव्या ड्यूकची विधवा एव्हलिन. ती स्वतः सुईदोरा घेऊन टॅपेस्ट्री रफू करत बसायची. पुढे ट्रस्टने गिदियनच्या तेराही टॅपेस्ट्री दुरुस्त करायला घेतल्या. ते काम २४ वर्षं चाललं आणि २०२३ मध्ये शेवटची टॅपेस्ट्री भिंतीवर परतली. उन्हाने रंग उडू नयेत म्हणून त्या मोठाल्या खिडक्यांवर आता पडदे ओढलेले असतात.